दोन औषधं लागू पडली नाहीत, आता पुढं काय?

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

अपस्माराच्या रुग्णाला दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर त्याला अपस्मार केंद्रात, म्हणजे या आजाराची खास तपासणी आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवणं बंधनकारक करा, एवढीच मागणी आहे.

दोनच का, असं आपले अधिकारी विचारतील. ग्लासगोतल्या डॉक्टरांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्याच औषधानं 47 टक्के रुग्णांच्या फिट्स थांबल्या. दुसऱ्यानं आणखी 13 टक्क्यांच्या. तिसऱ्यानं जेमतेम एका टक्क्याच्या. 2010 पासून आंतरराष्ट्रीय व्याख्याही तेच सांगते: दोन औषधं हरली की अपस्मार औषधांना न जुमानणारा समजायचा.

प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या भावाकडे पाहून सांगते. डोस वाढला, गोळी बदलली, मग जुनी-नवी दोन्ही सुरू. दिवसभर गुंगी, बोलताना शब्द सापडेनात, आणि फिट्स होत्या तिथंच. दर खेपेला पहिला प्रश्न ठरलेला, ‘गोळ्या चुकवता का?’ पुढं पाठवायचं कुणाला सुचलं नाही, कारण तसा नियमच नव्हता. यात बरीच वर्षं गेली.

शेवटी व्हिडिओ ईईजी झाला, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी आणि फिटचं चित्रण एकाच वेळी नोंदवणारी तपासणी. डोक्याला तारा चिकटवलेल्या, गोळ्या देखरेखीखाली कमी केलेल्या, समोर रात्रंदिवस कॅमेरा. फिट यावी म्हणून सगळे वाट पाहत बसतात, असा हॉस्पिटलातला हा बहुधा एकच वॉर्ड! फिट आली तशी नर्स धावली, ‘नाव सांगा, हात वर करा’ म्हणत राहिली. कोणता हात आधी आखडला, बोलणं कधी थांबलं, यावरून डॉक्टर फिट जिथून सुरू होते ती मेंदूतली जागा शोधतात. काहींच्या बाबतीत हा अपस्मारच नाही, असंही इथंच कळतं. म्हणजे इतकी वर्षं गोळ्या फुकट.

जागा नेमकी सापडली आणि ती काढण्याजोगी असली तर शस्त्रक्रिया होऊ शकते. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातल्या, अपस्मारावर कॅनडात झालेल्या, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते. नुसत्या औषधांवरच्या गटात 8 टक्के. सगळ्यांची शस्त्रक्रिया होत नाही, हे मान्य. मुलांसाठी कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा) आहे, मानेतल्या व्हेगस नर्व्हला विजेचे सौम्य झटके देणारं, शरीरात बसवायचं यंत्र आहे. पण यातलं काय चालेल, हे ठरवायला तरी रुग्ण तिथवर पोचायला हवा.

‘बघू अजून सहा महिने’ हे वाक्य महाग पडतं. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एक जण अचानक दगावतो, आणि झटक्यांच्या मोठ्या फिट्स चालू असल्या की धोका वाढतो.

केवळ व्हिडिओ ईईजीचं मशीन खरेदी करून फीत कापू नका, ही विनंती. रात्रपाळीचा तंत्रज्ञ, फिट ओळखणारी नर्स, स्मरणशक्ती तपासणारा मानसशास्त्रज्ञ ही पदं भरली नाहीत, तर मशीनवर आच्छादनच राहील.

जागतिक आरोग्य सभेनं 2022 मध्ये अपस्मारासाठी 2031 पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. आपली सुरुवात केस पेपरपासून होऊ शकते. त्यावर दोन रकाने वाढवा: आजवर दिलेली औषधं किती, आणि केंद्रात पाठवल्याची तारीख. दुसरा रकाना रिकामा असेल, तर त्याचं लेखी कारण मागा.

आपली,
अपस्मार असलेल्या रुग्णाची बहीण