यादी एक करा, पण तारीख कुठली धरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैमानिकांच्या ज्येष्ठता याद्यांचा प्रश्न आपण कालच्या अग्रलेखाच्या शेवटच्या परिच्छेदात सोडवून टाकलात, त्याबद्दल अभिनंदन. मोठ्या कंपनीची आणि तिच्या प्रादेशिक कंपनीची यादी एक करावी, प्रादेशिकच्या वैमानिकांनी खालून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये, आणि 'मानपानाचा हा घोळ' एकदाचा संपवावा, असा आपला सल्ला. वर 'अमेरिकेत हे केव्हाच झाले' ही पुस्ती.

मानपान? मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. सेवाज्येष्ठता यादी काय असते हे मला कुणी सांगायला नको. १ जानेवारीची तात्पुरती यादी, तिच्यावर हरकती, मग अंतिम यादी, आणि तिच्यावर मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाणारे दोघे-तिघे, हे आमच्याकडे दरवर्षीचं होतं. पण आमच्या खात्यात माणूस चार नंबर खाली गेला तर त्याची बढती लांबायची, एवढंच. बदली होऊन दुसऱ्या विभागात गेला म्हणून तो पुन्हा नवशिका ठरत नव्हता. वैमानिक कंपनी बदलतो तेव्हा उड्डाणाचे तास त्याच्यासोबत येतात, यादीतला नंबर येत नाही. आणि विमान कुठलं मिळणार, बेस दिल्ली की मुंबई, कमांड, म्हणजे कॅप्टनपद, कधी, गणपतीत घरी पोचता येणार की नाही, हे सगळं त्या नंबरावर. यात मान कुठे आला आणि पान कुठे आलं?

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, मुलीला अजून नोकरी करायची आहे.

मुलगी एका प्रादेशिक कंपनीत एटीआर, म्हणजे पंख्यांची छोटी विमानं, उडवायची. मोठ्या जेटना जिथे उतरता येत नाही अशा आखूड धावपट्ट्या, पावसाळ्यात खाली आलेले ढग, दिवसाला चार-चार वेळा उतरणं आणि उडणं. तिकिटावर कोड मोठ्या कंपनीचा, सामानाच्या चिठ्ठीवर तोच कोड, उशीर झाला की शिव्याही मोठ्या कंपनीच्या नावाने. मालक एकच. दिवाळीला दोन्ही कंपन्यांच्या वैमानिकांना एकच पत्र यायचं, 'आपण सारे एक कुटुंब' अशा मथळ्याचं. ते पत्र तिच्या आईने बरेच दिवस फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

मुलगी कॅप्टन झाली. नव्याने आलेली पोरं तिच्या उजवीकडे बसून शिकायची. त्यांतलाच एक मुलगा, चांगला, हुशार, आमच्या घरी जेवूनही गेलेला. मोठ्या कंपनीत भरती निघाली तेव्हा दोघांनी एकदमच अर्ज केले, दोघांचीही निवड झाली. आता गंमत बघा. विमान वाहतूक महासंचालनालयाचा २०१७ चा नियम आहे: नोकरी सोडताना कॅप्टनने एक वर्षाची नोटीस द्यायची, फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, सहा महिन्यांची. तो सहा महिन्यांत सुटला. ही वर्षभर तिथेच, कारण ही जास्त अनुभवी. मधल्या काळात मोठ्या कंपनीने नव्या मुलांच्या तुकड्या भरल्या. ही रुजू झाली ती त्या सगळ्यांच्या खाली, फर्स्ट ऑफिसर म्हणून.

तिने विचारलं, एकाच मालकाच्या कंपनीतून आले, मग आधीची सेवा का धरत नाही? उत्तर मिळालं, ती कायद्याने वेगळी कंपनी आहे. म्हणजे तिकीट विकताना कुटुंब एक, आणि नंबर देताना चुली वेगळ्या.

त्या मुलाची कमांड आधी आली. यादीत तो वर होता, त्याचा काही दोष नाही. आता रोस्टर लागतं तेव्हा कधीकधी डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीत तो असतो आणि उजव्या खुर्चीत त्याला शिकवणारी. तो तिला अजून 'मॅडम' म्हणतो. मुलगी हसून सांगते. मला हसू येत नाही, तिच्या आईला तर मुळीच नाही. आणि आपण लिहिता, खालून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये. कमीपणा सोडा हो, त्या दोन खुर्च्यांच्या पगारातला फरक किती असतो, तेवढं तरी आपल्या अर्थविषयक पानावरच्या मंडळींना विचारायचं होतंत.

आता आपली अमेरिका. तिथे हे केव्हाच झालं म्हणता, कुठे झालं? डेल्टाने कॉमएअर ही प्रादेशिक कंपनी २००० साली पूर्ण ताब्यात घेतली. दोन्हीकडचे वैमानिक एकाच संघटनेचे सभासद. कॉमएअरवाल्यांनी हीच मागणी केली, मालक एक आणि संघटना एक, मग यादीही एक करा. त्यांच्याच संघटनेने नकार दिला. २००१ मध्ये कॉमएअरचे वैमानिक ८९ दिवस संपावर होते, त्यातून पगार वाढला, यादी काही एक झाली नाही. २०१२ च्या सप्टेंबरात कॉमएअर बंद झाली. यादी एक असती तर त्या लोकांना डेल्टात आपोआप जागा असती. नव्हती, म्हणून ज्याने त्याने नव्याने अर्ज करायचा.

त्याआधी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप पुकारला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांत तो थांबवला. भांडण कशावरून? नवी छोटी जेट विमानं आम्ही उडवणार की प्रादेशिक कंपनीची कमी पगाराची माणसं, यावरून. पुढे याच अमेरिकनने २००१ साली टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी घेतली आणि तिथले पुष्कळ वैमानिक यादीच्या अगदी तळाला चिकटवले. सप्टेंबरातल्या हल्ल्यांनंतर माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा सुरुवात तळापासून झाली. वर्षानुवर्षं विमान उडवलेली माणसं घरी बसली. याचा एवढा बोभाटा झाला की मिसुरीच्या दोन सिनेटरांनी पुढे येऊन २००७ मध्ये कायदा करून घेतला: कंपन्या एकत्र होताना ज्येष्ठता न्याय्य रीतीने जुळवायची, नाही जमलं तर लवादाकडे जायचं. पण तो कायदा दोन कंपन्यांची एक कंपनी होते तेव्हाचा. पालक कंपनी आणि प्रादेशिक कंपनी कागदावर वेगळ्या ठेवल्या की तो लागू होत नाही. म्हणून तर वेगळ्या ठेवतात.

२००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ विमान पडलं, पन्नास माणसं गेली. तिकिटं कॉन्टिनेंटल या मोठ्या कंपनीच्या नावाने विकलेली, उडवणारी प्रादेशिक कंपनी कोल्गन. सहवैमानिक मुलगी रात्रभर प्रवास करून सिअ‍ॅटलहून नेवार्कला ड्युटीवर आली होती. हे वाचलं त्या दिवशी मी मुलीला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तिने 'बाबा, झोपले होते' असं सांगितलं आणि मला बरं वाटलं.

आपल्या देशातलं तर आपल्याच वर्तमानपत्रात छापून आलेलं आहे, मागचे अंक काढून बघा. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक केल्या. कंपनी एक झाली, वैमानिक एक झाले नाहीत. न्या. धर्माधिकारी समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ च्या सुरुवातीला आला. त्याच वर्षी मे महिन्यात ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं प्रशिक्षण कुणाच्या वैमानिकांना द्यायचं यावरून जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम बंद ठेवलं. त्यांचीही बाजू होती. लहान विमानांवर कमांड लवकर मिळते, मोठ्या विमानांवर माणूस कितीतरी वर्षं उजव्या खुर्चीत वाट बघतो, मग कमांडची तारीख धरली तर त्याच्यावर अन्याय. कबूल. रुजू झाल्याची तारीख धरली तर दुसरा रडतो. हेही कबूल. पण म्हणूनच 'याद्या एक करा' एवढं लिहून भागत नाही. भांडण यादीचं नाहीच, तारखेचं आहे, आणि तारखेबद्दल आपल्या अग्रलेखात एक अक्षर नाही.

माझं म्हणणं थोडक्यात. ज्या दिवशी प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकाने मोठ्या कंपनीच्या कोडवर तिकीट काढलेला पहिला उतारू नेला, ती तारीख धरा. पैसे त्या दिवसापासून घेतलेत ना? आणि नोटिशीचं वर्ष तरी निदान ज्येष्ठतेत मोजा. निवड झाली त्या दिवसाचा क्रमांक राखून ठेवायला कुठल्या कायद्याने मनाई केली आहे?

नाहीतर अलायन्स एअरचं झालं तसं व्हायचं. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली, एअर इंडिया एक्स्प्रेसही गेली, अलायन्स एअर तेवढी सरकारकडे राहिली. इतकी वर्षं एकाच घरातली म्हणवलेली माणसं एका सहीनिशी परकी. तिथल्या एटीआरच्या वैमानिकांनी कुणाच्या यादीत कितवा नंबर मागायचा, सांगा.

प्रादेशिक विमानांचा विषय आपण काढलाच आहात म्हणून आणखी एक. आमचा सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला तेव्हा आपण पहिल्या पानावर अर्धं पान फोटो छापलात, फीत कापणाऱ्यांची नावंही सगळी दिलीत. उडान या सरकारी अनुदानाच्या योजनेची तीन वर्षं सरली आणि मुंबईचं विमान बंद पडलं तेव्हा आतल्या पानावर चार ओळी. त्याआधीही ते विमान किती वेळा आयत्या वेळी रद्द व्हायचं हे कुडाळ-वेंगुर्ल्याच्या कुणालाही विचारा. मीही एकदा सामान घेऊन चिपीपर्यंत गेलो आणि तिथूनच परतून रात्रीची कोकणकन्या पकडली, तीही उभ्याने. कारण काय तर म्हणे वैमानिक उपलब्ध नाही. उपलब्ध कसा असेल? शहाणा वैमानिक लवकरात लवकर नोटीस देऊन मोठ्या कंपनीत जाऊन रांगेत उभा राहणार, कारण इथे काढलेलं वर्ष तिथे शून्य धरतात. यावर अग्रलेख लिहा, मी कात्रण काढून ठेवीन.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर चिपीचा भाग कापलात तरी चालेल, नोटिशीच्या वर्षाचा परिच्छेद मात्र ठेवा. आणि अग्रलेखात 'वैमानिक बंधूंनी विचार करावा' असं आहे, तिथे पुढच्या वेळी भगिनीही घाला.

आपला,
एका वैमानिकेचा बाप, कुडाळ
(नाव छापू नये, ही विनंती.)