आमच्या रोजच्या गोळीचा साठा आधी राखून ठेवावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते. २०१४ पासून मला आमवात आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते तो हा आजार; वयोमानाने गुडघे झिजतात तो नव्हे. (हा फरक प्रत्येक ठिकाणी सांगावा लागतो, म्हणून इथेही सांगते.) आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज रात्री जेवणानंतर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची एक गोळी, एवढ्यावर माझे हात चालतात. करोनाची साथ ओसरली असली तरी हे पत्र लिहिते आहे, कारण त्या काळात आमच्यावर जी वेळ आली ती पुढच्या साथीत टाळता येण्यासारखी आहे.

मार्च २०२० मध्ये हीच गोळी करोनावर चालते अशी चर्चा जगभर सुरू झाली. त्या महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत करोना रुग्णांची सेवा करणाऱ्यांना ती प्रतिबंधक म्हणून देण्याची शिफारस झाली, २५ तारखेला तिच्या निर्यातीवर बंदी आली आणि २६ तारखेला केंद्राने तिच्या विक्रीला अनुसूची एच-१ च्या अटी लावल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विक्री आणि तिची दुकानात नोंद. लोक भीतीपोटी गोळ्या साठवू लागले होते, तेव्हा निर्बंध हवेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ही गोळी वर्षानुवर्षे रोज घेणारे आमवाताचे आणि ल्युपसचे (हाही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) रुग्ण आधीपासून आहेत, त्यांच्या वाट्याला काय उरेल, हा विचार औषध दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचला नाही.

माझी चिठ्ठी डिसेंबरची होती, डॉक्टर पुण्याचे होते आणि जिल्ह्याची हद्द बंद होती. डॉक्टरांनी फोनवर विचारपूस करून नवी चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर पाठवली. अशा दूरध्वनीवरील सल्ल्याला आधार देणाऱ्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्चलाच निघाल्या होत्या, पण दुकानदारांना त्या कोणी कळवल्या नव्हत्या. "ताई, कागद आणा, मोबाईलवरचं चालत नाही," एवढेच ते म्हणाले. ओळखीखातर त्यांनी दहा गोळ्यांची एक पट्टी दिली, आणि त्यानंतर पाच आठवडे दुकानात मालच आला नाही.

ही गोळी शरीरात सावकाश चढते आणि सावकाश उतरते, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवले नाही. मे महिन्यात मात्र सकाळी उठल्यावर मुठी उघडेनाशा झाल्या. गॅसचे बटण दोन्ही तळव्यांत धरून फिरवावे लागे, मास्कची नाडी कानामागे अडकवायला मुलगी लागे, आणि भाकरी थापायला बसले की बोटे पसरतच नसत. पीठ परातीत तसेच राहायचे आणि सासूबाई काही न बोलता ती परात आपल्यापुढे ओढून घ्यायच्या. उजव्या हाताची दोन बोटे तेव्हा वाकडी झाली, ती आता सरळ होणार नाहीत. ज्या उपयोगासाठी आमची गोळी बाजारातून गेली, तो उपयोग रुग्णालयात दाखल असलेल्या करोना रुग्णांना होत नाही, हे ब्रिटनमधील 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीने जून २०२० मध्येच दाखवून दिले.

लशीच्या वेळीही असेच झाले. १ मार्च २०२१ पासून ज्या सहव्याधींना प्राधान्य मिळाले, त्या यादीत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घेणारे रुग्ण होते, पण वयाची अट ४५ ची होती. मी ४० वर्षांची होते. आमवात तिशी-चाळिशीतल्या बायकांनाही मोठ्या प्रमाणावर गाठतो, त्यामुळे प्राधान्य ठरवताना वयाइतकेच औषधही पाहायला हवे.

माझी मुख्य विनंती एकच आहे. साथीच्या उपचारासाठी एखादे जुने औषध वापरायचे ठरले, की ते आधीपासून घेत असलेल्या रुग्णांचा किमान तीन महिन्यांचा वाटा अन्न व औषध प्रशासनाच्या मदतीने प्रत्येक जिल्ह्यात प्रथम बाजूला काढावा, आणि जुनी किंवा मोबाईलवर आलेली चिठ्ठी चालेल असा स्पष्ट मराठी आदेश त्याच दिवशी प्रत्येक दुकानात पोहोचवावा. साठा जिल्ह्यातच हवा असे म्हणण्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता, आणि दुसऱ्या वेळी साथही चालूच होती.

माझ्या कपाटात आज तीन महिन्यांच्या गोळ्या आहेत, कारण मला ते परवडते. पुण्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या, इचलकरंजीत यंत्रमागाच्या कांड्या भरणाऱ्या बाई आठवड्याच्या पगारातून एका वेळी एकच पट्टी घेतात. मी मागते आहे तो साठा त्यांच्यासाठी आहे.

आपली विश्वासू,
आमवाताची एक रुग्ण,
मंगळवार पेठ, कोल्हापूर