विलासला पत्र: नाटकातली कॉमेडी कापू नको

मु. देसाईगंज (वडसा)
कोजागिरी पौर्णिमा

प्रिय विलास,

पत्र पोचलं. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आपल्या जत्रेच्या, रात्री गावात नाटक ठेवायचं ठरलं, हे झ्याक झालं. पण पुण्याहून आलेल्या पोरांचं म्हणणं वाचून थांबलो. रात्रभराचं नाटक तीन तासांत आटपा, मधली कॉमेडी आणि गाणी उडवा, ती ‘भरती’ आहे. तू स्मरणिकेसाठी इतिहास मागितलास. तो सांगता सांगताच या पोरांना उत्तर मिळेल.

आपल्या झाडीत, पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, नाटक मागाहून आलं, हसणं आणि गाणं आधीचं. नाचगाण्यातून सोंगं आणणारी दंडार होती, खडी गंमत होती. खडी म्हणजे उभी. शाहीर, साथीदार, बाईचं सोंग घेतलेला नाच्या, हाती डफ, तुणतुणं, ढोलकी. स्टेज नाही, पडदा नाही, भोवती गाव गोळा झालेलं. तिकडे १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ झालं, १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं. पुढे ती पदांची, पडद्यांची नाटकं आपल्या मुलखात आली, तेव्हा गावच्या हौशी लोकांनी ती उचलली आणि आपल्या जुन्या गमतीत कालवली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत त्यातून जे तयार झालं, ती झाडीपट्टीची रंगभूमी.

तिचं वेळापत्रक धानानं ठरवलं. कापणी, बांधणी, चुरणं आटोपल्याशिवाय कोणाला फुरसत नाही, म्हणून हंगाम भाऊबीजेनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास उतरतो. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. पटाला आलेला पाहुणाच रात्री बिछायतीवर बसतो, सोयरिकीची बोलणीही तिथंच निघतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट बंद झाले, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मोकळी झाली. मधल्या वर्षांत पटाचा पाहुणाच नसल्यावर नाटकाला गर्दी कुठून यायची?

वडसा या नाटकधंद्याचं गाव झालं ते गोंदिया-बल्लारशा रेल्वेमुळे आणि ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेड्याकडे फुटणाऱ्या रस्त्यांमुळे. नट, वाजंत्री, सीनसीनरी, सगळं इथं उतरवता येतं आणि इथूनच गावोगाव पाठवता येतं. कंपन्यांची ऑफिसं म्हणूनच इथं दाटली.

आता रात्रभर का? खासर, म्हणजे बैलगाडी, जुंपून आलेला माणूस रात्री दोनला जंगलातून परत कसा जाणार? वाघ-अस्वलाचा मुलूख आहे हा. उजाडेपर्यंत त्याला धरून ठेवणं ही सोय होती, तिचीच पुढे आवड झाली. आज खासराच्या जागी मोटरसायकली आल्या, म्हणून वेळ थोडी आखडली तर माझी तक्रार नाही. कायदाही त्या पुण्याच्या पोरांच्या बाजूनं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. तेव्हा परवानगीच्या कागदावर कोणती वेळ लिहिली आहे ते आधी वाच. नाटकाची संहिता सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर आहे का, तेही कंपनीला विचार.

पण कॉमेडी कापायची म्हणशील तर एकदा पडद्यामागे जाऊन बघ. वाड्याचा दिवाणखाना संपला, पुढचा प्रवेश जंगलाचा. खाट, तसबिरी, दाराची चौकट काढून झाडं उभी करायला चांगले हात असले तरी दहा मिनिटं जातात. तेवढ्यात पुढे रस्ता रंगवलेला पडदा सोडतात आणि त्याच्यासमोरच्या सहा-सात फुटांत दोघं कॉमेडीवाले येतात. हीरो प्रमाण मराठीत रडून गेलेला असतो. हे दोघं झाडीबोलीत सासू, बायको, धानाचा चुकारा, सरपंच सगळ्यांना धुऊन काढतात. मागे खिळा ठोकल्याचा आवाज आला तर त्यावरही एक वाक्य टाकतात आणि लोकांना वाटतं, ते नाटकातलंच. मागून विंगेतून खूण आली की दोन वाक्यांत आटपायचं, नाही आली तर आणखी पाच मिनिटं ओढायचं. हे पाठ करून येत नाही. नाटकातलं हे सगळ्यात अवघड काम, आणि पोरं त्याला भरती म्हणतात! २०२३ मध्ये झाडीपट्टीला पद्मश्री मिळाली ती परशुराम खुणे यांना, विनोदी भूमिकांनी गाजलेल्या नटाला. हे पोरांना मुद्दाम सांग.

गाण्याचंही तसंच. नाचगाण्यात अख्खा अंक बदलतो, नटीचा शालू बदलतो, मागच्या रांगेतला डुलक्या घेणारा जागा होतो. हं, एकामागून एक चार रेकॉर्डिंग डान्स घुसवतात ते मलाही खटकतं. ते दोनावर आण. पण पद गाणारा नट आणि साथीचा तबला कापू नको.

आता तुझ्या कामाचं. स्टेज किमान २० फूट खोल हवं, नाहीतर रस्त्याच्या पडद्यामागे सीन बदलायला जागाच उरत नाही आणि झाडाच्या फांदीनं पडदा पुढे फुगतो. जागा निवडताना स्टेज वरच्या बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात) आणि लोक खालच्या बांधीत, म्हणजे मागच्याला दिसतं. मात्र खालची बांधी ओल धरते. तिथं वीतभर तनस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून वर ताडपत्री घाल. तनस आणि बिडी यांचं वैर माहीत आहेच, मंडपाच्या दोन टोकांना पाण्याचा एकेक ड्रम भरून ठेव.

विजेचं: हजार वॉटचे दहा हॅलोजन म्हणजे दहा किलोवॉट. त्यावर आवाजाचं सामान. १५ केव्हीएपेक्षा लहान जनरेटर घेतलास तर ऐन गाण्यात दिवे मंदावतील. तो स्टेजच्या मागे लांब ठेव आणि माईकच्या वायरी विजेच्या वायरींना लगटून नेऊ नको, घूं घूं येते.

माईक वरून टांगलेले असतील तर सगळ्यात उंच नटाच्या डोक्यावर फूट-दीड फूट. खाली घेतले तर फेटा आपटतो, वर घेतले तर प्रॉम्प्टरचं वाक्य नटाच्या आधी गावाला ऐकू जातं. आपल्याकडे तालमी कमी, भार प्रॉम्प्टरवर, म्हणून त्याची जागा माईकपासून लांबच्या विंगेत आणि त्याच्या बल्बावर डबा झाकलेला. मागच्या लोकांसाठी शंभर फुटांवर वेगळे भोंगे लावू देऊ नको. स्टेजवरचा आवाज तिथं पोचायला जवळपास एक दशांश सेकंद लागतो, मग एकच शब्द दोनदा येतो आणि विनोद मरतो. लावायचेच असले तर मिक्सरवर तेवढा उशीर लावून घे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: दव. मध्यरात्रीनंतर तबल्याचं चामडं ओल धरून सैल पडतं, सूर उतरतो. कीबोर्ड मात्र जिथल्या तिथं. गायक काळी दोनच्या सुरात गातोय आणि तबला खाली कुठंतरी बोलतोय, असा तिसरा अंक ऐकवत नाही. वादकाच्या डोक्यावर वेगळं छत ठेव, दर अंकाला पाच मिनिटं हातोडी चालवायला दे, मध्ये तबला जाड रगात गुंडाळून ठेवायला सांग. शेकोटीवर धरू देऊ नको, पुडी तडकते.

बयाना देताना पावतीवर तारखेसोबत नट-नट्यांची आणि वादकांची नावं लिहून घे. मंडईच्या दिवसांत एका तारखेला दहा गावं मागतात आणि पत्रकावरचा फोटो एकाचा, उतरणारा दुसराच, असं होतं. कॉमेडीवाल्या दोघांची नावं सगळ्यात आधी लिही.

काकूंना नमस्कार. तारीख पक्की झाली की कळव, स्टेजची मापं घेऊन येतो.

तुझा,
दिवाकर