‘विसरून जा’ हा सल्ला आधी थांबवा

महोदय,

अपघात, आग, पूर, हल्ला यांच्या बातम्यांत मृत आणि जखमींचे आकडे येतात. बाकीचे सगळे ‘सुखरूप’ या एका शब्दात आटोपतात. त्यातल्याच काहींना पुढे आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी), म्हणजे भयंकर प्रसंगाचा धसका मनातून न जाण्याचा आजार, जडतो आणि घरचे कळवळून सांगत राहतात, ‘झालं गेलं विसरून जा.’ नेमका हाच सल्ला आजाराला खतपाणी घालतो.

अपघाताची आठवण नको म्हणून माणूस आधी तो चौक टाळतो, मग तो रस्ता, मग गाडीत बसणेच. टाळले की तात्पुरते हायसे वाटते. पण मेंदू त्यातून एवढेच शिकतो, की टाळले म्हणून वाचलो. त्यामुळे भीती खोटी ठरण्याची संधीच मिळत नाही. मग कुठेतरी ब्रेक करकचून लागतो आणि त्याला ती घटना नुसती आठवत नाही, तो पुन्हा तिथेच असतो. छाती धडधडते, तळवे घामेजतात.

पहिले काही आठवडे झोप उडणे, दचकणे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. महिना उलटूनही घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, टाळाटाळ, स्वतःला दोष देत मन बधिर होणे आणि सतत सावध राहणे ही चारही लक्षणे टिकून असतील, कामकाज बिघडत असेल, तर तज्ज्ञांकडे जावे. काहींमध्ये पूर्ण चित्र सहा महिन्यांनंतर दिसते.

मुलांचे वेगळे असते. लहान मूल बोलत नाही, खेळते. त्याच दोन गाड्या, तीच धडक, पुन्हा पुन्हा, आणि चेहऱ्यावर खेळाची मजा अजिबात नाही. बंद झालेले अंथरूण ओले करणे परत सुरू होते, आईला क्षणभर सोडवत नाही, स्वप्ने भीतिदायक पण घटनेशी संबंध न लागणारी. शाळेत असे मूल चंचल किंवा हट्टी ठरते. म्हणूनच अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013च्या निदान-पुस्तिकेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वतंत्र निकष आले. ‘मी हट्ट केला म्हणून हे झालं’ असे मुलाला वाटत असते; ‘तुझी काही चूक नव्हती’ हे त्याला आपणहून, स्पष्ट शब्दांत सांगावे लागते.

उलट टोकही चुकीचे. पहिल्याच दिवशी सगळे खोदून वदवून घेण्याचा उपयोग नाही, काहींना त्याचा त्रासच होतो. तेव्हा सुरक्षित जागा, झोप, जेवण, जवळची माणसे आणि खरी, थोडक्यात माहिती पुरे.

खरा उपचार म्हणजे आघातकेंद्रित वर्तन-विचार उपचार. साधारण 8 ते 15 सत्रांत, प्रशिक्षित तज्ज्ञासोबत, त्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे. मुलांच्या उपचारात पालकही हवेत. सुरुवातीला काहींची अस्वस्थता वाढते आणि नेमके तेव्हाच उपचार सोडले जातात. हे आधीच सांगून ठेवले तर बरेच जण टिकतील. प्रौढांना सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधे मदत करतात, मुलांत मात्र पहिला मार्ग औषधाचा नाही. झोपेच्या गोळ्या किंवा दारूने रात्र निभावते, आजार तसाच राहतो.

आपणांस एक विनंती. दुर्घटनेची चित्रफीत संकेतस्थळावर आपोआप, पुन्हा पुन्हा सुरू होऊ देऊ नका. पाच वर्षांच्या मुलाला ती जुनी चित्रफीत आहे हे कळत नाही. दर वेळी त्याच्या लेखी ते पुन्हा घडलेले असते.

– एक वाचक