पै न् पै घेतल्याबद्दल आभार

ती. अम्मांस,
सा. न. वि. वि.

अण्णांच्या तेराव्याला आलो होतो, पण तुमच्याशी बोलता आलं नाही. मार्केट यार्डातले हमाल, एसटीचे दोन कंडक्टर, कुंदापूरहून आलेली तुमची माणसं, सगळी गर्दी. आणि खरं सांगू, तेराव्याला आभार कसे मानायचे हेही सुचेना. म्हणून हे पत्र, तेही उघड. अण्णांच्या हॉटेलात जेवून शिकलेली आणखी पोरं कुठं कुठं असतील, त्यांनीही वाचावं.

मी जतच्या पूर्व भागातला. घरात कानडी, शाळेत मराठी. 1993 ला डी. फार्मसीसाठी सांगलीत आलो. स्टँडच्या मागच्या गल्लीत ‘उडुपी’ अशी पाटी दिसली तेव्हा हायसं वाटलं. आत शिरलो आणि ऐटीत कानडीतनं राइस प्लेट मागितली. अण्णा गल्ल्यावरून हसले. माझी सीमेकडची कानडी त्यांना अर्धी कळली, त्यांची किनाऱ्यावरची मला पाव. आमच्याकडं जेवण झालं का म्हणून ‘ऊटा आतेनु?’ विचारतात, ते ‘ऊट आय्ता?’ म्हणायचे. इथवर जमलं, पुढं दोघांचीही गाडी अडली आणि आम्ही मराठीवर आलो. त्यांच्या मराठीत चहा बाई होती आणि तुम्ही पुरुष. ‘चहा आली का बघ, माझा बायको आत आहे.’ तुम्ही आतून काय म्हणायचात ते इथं लिहीत नाही.

तेराव्या वर्षी मुंबईत कपबशा धुवायला आलेला मुलगा, रात्रशाळेत सातवीपर्यंत शिकला, मग मामाच्या मागं सांगलीला आला, हे त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बहुतेक पहाटे. परीक्षेच्या दिवसांत मी चारला उठून तुमच्या मागच्या टेबलावर अभ्यासाला बसायचो, तेव्हा भट्टी पेटलेली असायची आणि अण्णा इडलीच्या पिठात मनगटापर्यंत हात घालून बघत असायचे. डिसेंबरात ते पातेल्याला पोतं गुंडाळून भट्टीजवळ ठेवायचे. म्हणायचे, ‘कुंदापुरात पीठ आपला आपण उठतो, सांगलीत त्याला उठवायला लागतो.’ दुपारी तीनला गर्दी ओसरली की थोरलीकडून मराठीच्या कविता पाठ करून घ्यायचे. त्यातलं निम्मं त्यांना स्वतःला कळत नव्हतं, पण तिचा एक शब्द चुकला तर बरोबर पकडायचे.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या वर्षी आमच्याकडं ज्वारी हाताला लागली नाही आणि घरची मनीऑर्डर थांबली. मी हॉटेलात यायचं बंद केलं. भडंग खायचं आणि वर पाणी प्यायचं, असे आठ दिवस काढले. नवव्या दिवशी अण्णांनी मला स्टँडवर गाठलं. काय झालं, का झालं, काही विचारलं नाही. ‘वही आहे. लिहून जा.’ एवढंच. वहीत माझ्या नावापुढं ते कानडी आकडे मांडत, त्यामुळं किती झाले ते मला वाचताच यायचं नाही. तापात पडलो तेव्हा तुम्ही खोलीवर उकड्या तांदळाची गंजी आणि लोणच्याची फोड पाठवली होती. ती मात्र वहीत नव्हती, हे मी नंतर विचारून घेतलं.

पहिला पगार झाला तेव्हा पेढे आणि 300 रुपये घेऊन आलो. मनात होतं, अण्णा म्हणतील, राहू दे रे. त्यांनी पेढा तोंडात टाकला, वही उघडली, बोट ठेवलं. ‘सहाशे चाळीस. तीनशे आले. बाकीचे कधी?’ मला राग आला, अम्मा. खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांनी बाकी फेडली, त्यांनी माझ्या नावावर आडवी रेघ मारली, कॉफी मागवली आणि तिचेही पैसे घेतले.

बऱ्याच वर्षांनी मी हे हसत काढलं, तर म्हणाले, ‘सोडून दिला असता तर तू लाजून पलीकडच्या बाजूनं गेला असता. माझा गिऱ्हाईक गेला, तू पण गेला.’ आज मिरजेत माझं औषधाचं दुकान आहे आणि दवाखान्यांमुळं उधारी रोजचीच. कुणाला सोडायची, कुणाकडून हसत वसूल करायची, हे मला अजून नीट जमत नाही. त्यांना जमायचं.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. पाणी उतरल्यावर आलो, तर अण्णा गुडघाभर चिखलात उभे, रगड्यातला गाळ वाटीनं काढत होते. कोल्लूरच्या मूकांबिकेचा फोटो फुगून काचेला चिकटला होता. मला बघून पहिला प्रश्न काय? ‘ऊट आय्ता?’ गिळायला त्या दिवशी गल्लीत काहीही नव्हतं.

आणि 2022 च्या नोव्हेंबरात जतची 40 गावं महाराष्ट्राची की कर्नाटकाची यावरून दोन्हीकडचे पुढारी भांडत होते, तेव्हा टेबलावरच्या एकानं आम्हा दोघांना चिडवलं, तुम्ही नक्की कुठले? अण्णा म्हणाले, ‘कपबशी धुवायला आलो तेव्हा कोण विचारला नाही. आता कशाला विचारतो?’ आणि त्याला बिल दिलं.

शेवटचं भेटलो तेव्हा माझा मोबाइल डिस्चार्ज झालेला, खिशात सुट्टे नव्हते. कॉफीचे 20 रुपये राहिले. अण्णांनी वही ओढली आणि थरथरत्या हातानं लिहिलंसुद्धा. येत्या रविवारी येतो. धाकट्याला सांगून ठेवा, पैसे घ्यायचे आणि रेघ मारायची. ‘राहू दे काका’ म्हणाला तर मी ऐकणार नाही.

तुमचा,
जतचा फार्मसीवाला