अपिलात सुटका म्हणजे पैसे चारले नव्हेत

संपादक महोदय,

पत्नीच्या खुनातला आरोपी अपिलात सुटला की ‘पैसे चारले असतील’ अशी कुजबुज लगेच सुरू होते. सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून साक्षी टंकताना मी असे खटले जवळून पाहिले. घरात दोघेच, रात्रीची वेळ. मग सगळा भार पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि शेजाऱ्याच्या ‘भांडणाचा आवाज आला होता’ या एका ओळीवर.

बंद घरात काय घडले याचा खुलासा नवऱ्याने करावा, हे साक्ष कायद्याचे जुने कलम १०६ (आता १०९) सांगते, आणि ते योग्यच आहे. पण मूळ पुरावा आधी सरकार पक्षाने द्यायचा असतो. पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूप्रकरणी पतीची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, कारण परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण नव्हती. अपील नसते तर तो फासावर गेला असता!

लेक गमावलेल्या आईवडिलांचा संताप मला कळतो. त्यांनी जाब विचारावा तो पहिल्या दिवशी पंचनामा उरकून टाकणाऱ्यांना.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी