ट्रेननं जावं की मोटारीनं? महोदय, एकदा तुम्हीच सांगा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
(रस्त्यांचं खातं सांभाळणारे)

विषय : मुंबईहून कोकणात नेमकं कसं जावं, याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. या वर्षी आमच्या राजापूर तालुक्यातल्या घरी गणपती वेळेवर आले, कारण ते गावातल्याच गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यातून आले. आम्ही मुंबईहून येत होतो, त्यामुळे आम्ही आलो नाही. प्रतिष्ठेला माझ्या यजमानांच्या जागी वाडीतला पुतण्या बसला. गुरुजींना पुढची घरं होती, ते तरी किती थांबणार? त्या वेळी आम्ही एका खासगी बसच्या धुरात उभे होतो आणि सासूबाई मागच्या सीटवरून विचारत होत्या, "महाड गेलं काय गो?" महाड कसलं जातंय, अजून माणगावसुद्धा गेलं नव्हतं.

गणपतीआधी महामार्ग खड्डेमुक्त होणार, असं यंदाही जाहीर झालं होतं. पाहणी दौरा झाला, फोटोही आले. तुमच्या शब्दावर विसंबून मोटार काढली असं काही मी म्हणणार नाही, इतकी वर्षं हा रस्ता पाहिल्यावर तेवढा भाबडेपणा शिल्लक राहत नाही. ट्रेनचं तिकीट मिळालं नाही म्हणून मोटार काढली. शेजारीपाजारी दर वर्षी हौसेनं विचारतात, यंदा कसे जाताय, ट्रेननं की गाडीनं? जसं काही ते ठरवणं आमच्या हातात आहे! ट्रेन भरली म्हणून माणूस रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावर अडकला की पोलीस त्यालाच ऐकवतो, "एवढ्या गाड्या एकदम आल्यावर कोंडी होणारच, ट्रेननं का नाही गेलात?" तुमचं खातं रेल्वेकडे बोट दाखवतं, रेल्वे तुमच्याकडे दाखवते. दोन बोटांच्या मधल्या जागेत आम्ही राहतो.

ट्रेनचं आधी सांगते. आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आणलं. दलालांना आळा बसेल असं वाटलं होतं. सकाळी आठला मुलगा लॅपटॉपवर, सून मोबाईलवर, मी देवासमोर. चहा गाळून होईपर्यंत वेटिंग शंभराच्या वर आणि थोड्या वेळानं तेही बंद. मिळालं ते वेटिंगचं तिकीट दोन महिने जपलं, रोज उठून बघितलं. चार्ट लागला तशी ते आपोआप रद्द झालं आणि पैसे परत आले ते कारकुनी खर्च कापून. न झालेल्या प्रवासाचा कारकुनी खर्च! जादा गाड्या सोडल्या जातात हे मान्य आहे, दर वर्षी सोडतात. पण त्या निघतात कधी, थांबतात कुठे आणि पोचतात कधी, हे त्यातून गेलेल्याला विचारा.

यात मूळ गोम अशी आहे की मार्ग एकेरी आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंत 741 किलोमीटरची कोकण रेल्वे, आणि दुपदरीकरण झालं ते रोहा ते वीर, सत्तेचाळीस किलोमीटरच्या आसपास, तेही 2021 मध्ये. पुढे एक गाडी पुढे काढायची तर दुसरी बाजूला उभी करायची, आणि बाजूला उभी राहणारी गाडी नेहमी आपलीच असते. त्यावर पावसाळी वेळापत्रक. 2003 मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि माणसं गेली, दुसऱ्या वर्षी करंजाडीला तसंच झालं. त्यामुळे पावसात वेग कमी ठेवतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, जीव वाचतो. मात्र गणपती नेहमी त्याच वेळापत्रकात येतात हो! इतर दिवसांत आठवड्यातून सहा दिवस धावणारी मडगाव वंदे भारत पावसाळ्यात तीन दिवसांवर येते. म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी आणि वर्षातल्या सगळ्यात कमी फेऱ्या, हा योग दर भाद्रपदात जुळून येतो आणि दर भाद्रपदात सरकारला त्याचं नव्यानं आश्चर्य वाटतं. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोरोनात बंद झाली, परत आली ती दिव्यापर्यंतच. गरिबाची गाडी होती ती. तिच्यासाठी कोण भांडणार?

यंदा मधेच एक अफलातून बातमी आली, मोटारच ट्रेनमध्ये घाला! कोलाड ते वेर्णा, कारसाठी रो-रो. मालट्रकांसाठी ही सेवा 1999 पासून आहे आणि उत्तम चालते, म्हणून मीही कौतुकानं वाचायला घेतलं. भाडं एका मोटारीला 7,875 रुपये. माणसांचं तिकीट वेगळं, थर्ड एसीला माणशी 935. एका मोटारीमागे तिघांनाच परवानगी. आम्ही पाच जण, म्हणजे उरलेल्या दोघांनी काय करायचं, मोटारीला निरोप द्यायला कोलाडला उभं राहायचं? दुपारी दोनला हजर व्हायचं, संध्याकाळी पाचला गाडी सुटणार, पहाटे पाचला वेर्ण्याला. सोळा मोटारींची नोंदणी झाली नाही तर फेरी रद्द. आणि वेर्णा म्हणजे गोवा, महोदय! राजापूरच्या माणसानं अख्खा सिंधुदुर्ग झोपेत ओलांडायचा आणि पहाटे उठून तोच सिंधुदुर्ग उलटा चालवत यायचं. नंतर ओरड झाल्यावर सिंधुदुर्गातल्या नांदगावला थांबा दिला. बरं, कोलाडपर्यंत कसं जायचं? तर पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे असं मोटारीनं. म्हणजे ज्या रस्त्याला कंटाळून आम्ही मोटार ट्रेनमध्ये घालणार, तो नेमका आधी पार करायचा. ही योजना ज्यांनी आखली ते विमानानं जात असावेत.

तेव्हा मोटार. मुलगा म्हणत होता, पुण्यावरून जाऊ या. आमच्या चाळीतले निम्मे लोक आता तसेच जातात. पुणे, सातारा, कराड करत कोल्हापूरकडे आणि मग आंबा, गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली, ज्याला जो घाट जवळचा त्यातून खाली. समुद्राकाठच्या गावी जायला सह्याद्री दोनदा ओलांडायचा! शंभरेक किलोमीटर जास्त, टोल जास्त, डिझेल जास्त, तरी लोक तिकडून जातात, यातच तुमच्या रस्त्याची कमाई आली. मी हट्ट केला, आपल्या वाटेनं जाऊ. टोलमाफीचा पासही काढला होता. सरकार गणपतीत टोल माफ करतं, मोठ्या मनाचं आहे. रस्ता नसल्याचा टोल माफ.

पेणपर्यंत कंबर, नागोठण्यापर्यंत मान. कोलाडच्या अलीकडे पुढचं डावं चाक पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेलं, टायर फाटला आणि शॉकअपमधून तेल गळायला लागलं. भर पावसात स्टेपनी लावली. अंधार, बाजूनं गाड्या सपासप जातायत, मुलगा जॅकशी झटतोय आणि त्याच्या डोक्यावर मी छत्री धरून उभी, माझी पाठ गाड्यांकडे. माझी सासू ब्याऐंशी वर्षांची, मधुमेही. इन्सुलिन बर्फाच्या डब्यात, बर्फाचं केव्हाच पाणी झालेलं. आणि लिहू नये पण लिहिते, कारण पाहणी दौऱ्यावर आलेल्या एकाही साहेबाला हा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही, बायकांनी जायचं कुठे? मैलोन् मैल कोंडी, दोन्हीकडे खोदकामाचा चिखल, हॉटेलवाल्यांनी स्वच्छतागृहाला कुलूप लावलेलं, कारण तेही किती जणींना पुरे पडणार? सासूबाईंनी दुपारपासून पाणी पिणं सोडलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती, मीही सोडलं होतं. पोचल्यावर त्यांना ताप आला आणि गणपतीचे दिवस त्यांनी ओटीवर अंथरुणात काढले. आरतीला टाळ वाजवायला त्यांना उठवावं लागे. ही बाई पूर्वी बोटीनं येत असे, मुलं कडेवर घेऊन. ती आता म्हणते, बोट बरी होती, लागायची तेवढी लागायची, पण निदान पुढे तरी जायची.

माणगावला कोंडी का होते, हे तिथलं शेंबडं पोर सांगेल. ताम्हिणी घाटातून पुण्याच्या गाड्या तिथेच येऊन मिळतात, रस्ता बाजारपेठेतून जातो आणि इंदापूर, माणगावचे बाह्यवळण रस्ते अजून अर्धे. दोन बायपास, महोदय. चंद्रावर उतरायला सांगत नाहीये कोणी.

पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा 2011 पासून चाललाय. त्या वर्षी आमच्या वाडीत जन्मलेलं पोर यंदा दाढी फुटायच्या बेतात आहे. कर्नाळ्याच्या अभयारण्याची परवानगी, भूसंपादन, ठेकेदार पळाला, नवा आणला, तोही बुडाला, सगळी कारणं आम्हाला तोंडपाठ आहेत. तारखाही पाठ आहेत, कधी डिसेंबर 2023, कधी जून 2025. न्यायालयात प्रतिज्ञापत्रं झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये चिपळूणला बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. नशीब, माणूस मेला नाही. परशुराम घाटाची दरड हा तर आता पावसाळ्याच्या हवामान वृत्ताचा भाग झाला आहे.

पण होत नाही असं म्हणू नका. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. देशभर छी थू झाली आणि मग नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. उत्तम आहे, मी त्यावरूनच गेले. कशेडीचा बोगदाही छान झालाय, घाटातला पाऊण तास वाचतो, श्रेय घ्या. आमच्या राजापूर तालुक्यात शिरल्यावर तर रस्ता असा गुळगुळीत लागतो की सासूबाई झोपेतून जाग्या झाल्या, गाडी थांबली की काय म्हणून! म्हणजे अभियंते आहेत, यंत्रं आहेत, पैसा आहे. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्यानंतर सुरू झाला आणि 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला. आमचा पनवेल ते झाराप साडेचारशेच्या आसपास. वर आता पवनारहून पत्रादेवीपर्यंत आठशे किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची घाई. ज्यांच्या शेतातून तो जाणार ते नको म्हणून रस्त्यावर बसलेत आणि आम्ही हवा म्हणून रस्त्यावर बसलोय. त्यांना बळजबरी आणि आम्हाला तारीख, असा तुमचा न्याय. कोकणाला तर नकाशे दाखवायची जुनी चाल आहे. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग ऐकतेय मी, लग्न होऊन आले तेव्हापासून. खाड्यांवरचे पूल अजून व्हायचेत. त्यात आता कोकण द्रुतगती मार्गाची भर. जुना पुरा करायचा नाही आणि नव्याची भूमिपूजनं करायची. ठेक्याच्या पहिल्या हप्त्यात जी गोडी असते ती शेवटच्या किलोमीटरमध्ये नसणार, दुसरं काय?

कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं आणि 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवलचा 64 मीटर उंच पूल, हे सगळं आठ वर्षांत, त्या काळच्या साधनांनी. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, श्रीधरन, ही कोकण रेल्वे उभी करणारी माणसं काही परग्रहावरून आली नव्हती. आमच्या लोकांनी जमिनी दिल्या. त्याच मार्गावर सावंतवाडी टर्मिनसची पायाभरणी 2015 ला झाली आणि अजून तिथे टर्मिनस काही दिसत नाही. महामंडळात महाराष्ट्राचा वाटा 22 टक्के होता, त्या वाट्यातून दहा वर्षांत एक टर्मिनस नाही? आता रेल्वेत विलीनीकरणाला राज्यानं संमती दिली आहे. छान. दुपदरीकरण त्यात बसतंय का, तेवढं विचारून घ्या. तुमचं खातं वेगळं असलं तरी मंत्रिमंडळाची चहाची किटली एकच असेल.

आणि कृपा करून ते फुकटच्या बसचं थांबवा. हप्ताभर आधी गल्लीगल्लीत फलक, अमुकसाहेबांकडून कोकणवासीयांना मोफत प्रवास. साहेबांचा फोटो गणपतीपेक्षा मोठा. आम्ही कमावते लोक आहोत, तिकिटाचे पैसे आहेत आमच्याकडे, तिकीट नाही. वर्षभर जे द्यायचं ते दिलं नाही म्हणून सणाला भीक घालायची आणि पुन्हा मतदारयादीतले नंबर लिहून घ्यायचे!

मागायचं ते थोडक्यात मागते. इंदापूर आणि माणगावचे बायपास आधी पुरे करा, बाकीची भूमिपूजनं त्यानंतर. दर तीसेक किलोमीटरवर बायकांसाठी पाणी असलेलं, दिवा असलेलं, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह. वीरच्या पुढे दुसरा रूळ. दादरची पॅसेंजर दादरला.

पुढची चतुर्थी 14 सप्टेंबर 2026 ला आहे. 12 तारखेच्या ट्रेनचं आरक्षण 14 जुलैला सकाळी आठला उघडेल. त्या दिवशी तुम्ही स्वतः बसा, मंत्र्यांच्या कोट्याला हात न लावता, साध्या माणसासारखे, आणि राजापूर रोडची पाच तिकिटं काढून दाखवा. मिळाली तर आम्हाला कळवा, आम्ही ती विकत घेऊ. न मिळाल्यास मोटारीनं निघा. माणगावला भेटूच.

आपली,
राजापूर तालुक्यातली एक सून
(मुक्काम मुंबई, नाइलाजानं)

ता. क. : शॉकअपचं बिल सोबत जोडलेलं नाही. जोडलं असतं तर त्यावरही समिती नेमली असती.